विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराचा अर्ज: पात्रता, कागदपत्रं आणि तब्येतीचा रकाना

इगतपुरीला विपश्यनेला जायचंय, फॉर्म भरून देतेस का, असं विचारणारं कुणी ना कुणी दर दोन-तीन महिन्यांनी आमच्या घरी येतं. पहिला प्रश्न ठरलेला: फी किती? आणि दुसरा, जरा आवाज खाली आणून: आपण बौद्ध नाही, चालेल ना?

विपश्यना ही मौनात राहून करायची ध्यानसाधना, आणि तिच्या शिबिराला फी नाही. राहण्या-जेवणाचेही पैसे घेत नाहीत. आधी शिबिर पूर्ण केलेल्या साधकांच्या दानावर हे सगळं चालतं, आणि ज्याने अजून एकही शिबिर केलेलं नाही त्याचं दान केंद्र स्वीकारतच नाही. तेव्हा ‘सीट मिळवून देतो’ म्हणून कुणी पैसे मागितले, तर एक रुपयाही देऊ नका.

धर्माची अट नाही, आणि जातीचा किंवा धर्माचा दाखलाही लागत नाही. शिबिर सुरू होताना पंचशील, म्हणजे हिंसा, चोरी, व्यभिचार, खोटं आणि नशा यांपासून दूर राहण्याची पाच वचनं, मात्र प्रत्येकाला घ्यावी लागतात. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपल्याकडच्या लाखो घरांत पंचशील लहानपणापासून पाठ असतं, त्यांना ते ओळखीचं वाटेल. फरक तिसऱ्या शीलात आहे. रोजच्या पंचशीलात व्यभिचार न करण्याचं वचन असतं. शिबिरात त्या जागी पूर्ण ब्रह्मचर्य येतं. म्हणून नवरा-बायको एकाच शिबिराला आले तरी दोघांची राहण्याची आणि जेवणाची सोय वेगळी असते, आणि दहा दिवस एकमेकांशी बोलणं नाही.

ब्रह्मदेशात सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे शिकलेले सत्यनारायण गोयंका १९६९ मध्ये ही साधना घेऊन भारतात आले आणि १९७६ मध्ये इगतपुरीचं धम्मगिरी सुरू झालं. आज पुण्यात, नाशिकला, नागपूरला, कोल्हापूरजवळ, धुळ्याला, मनमाडला, टिटवाळ्याला, गोराईच्या पॅगोडाजवळ अशी राज्यात बरीच केंद्रं आहेत. शिकवण आणि दिनक्रम सगळीकडे तोच. धम्मगिरीचाच हट्ट धरून ताटकळण्यापेक्षा घराजवळचं केंद्र पाहा, असं मी नेहमी सांगते.

आधी रजा, मग अर्ज

‘दहा दिवसांचं’ शिबिर कॅलेंडरवर बारा तारखा खातं. पहिल्या तारखेला दुपारी पोचून नोंदणी करायची, संध्याकाळी मौन सुरू. मग पूर्ण दहा दिवस. आणि अकराव्या दिवशी सकाळी सुट्टी. एक दिवस उशिरा येणं किंवा दोन दिवस आधी निघणं, दोन्ही चालत नाही. पहिले तीन दिवस आनापान, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष. चौथ्या दिवशी विपश्यना, म्हणजे अंगावरच्या संवेदना तटस्थपणे पाहणं, दिली जाते. दहाव्या दिवशी मैत्रीभावना, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतणं, शिकवतात आणि मौन सुटतं. मधूनच उठून गेलं तर शिकवण अर्धवट राहते, म्हणून पूर्ण मुदत राहण्याचं वचन अर्जातच घेतलं जातं. रजा मंजूर नसताना अर्ज करू नका.

राज्य शासनाच्या सेवेत असाल तर विपश्यनेसाठी १४ दिवसांपर्यंतच्या परावर्तित रजेची तरतूद आहे. दोन शिबिरांमध्ये किती अंतर हवं वगैरे अटी आस्थापना शाखेत विचारून घ्या, आणि निघताना केंद्राच्या कार्यालयातून उपस्थितीचा दाखला आठवणीने मागा. घरी आल्यावर तो मिळवायला पुन्हा धावपळ होते.

अर्ज कसा करायचा

धम्म डॉट ओआरजी या संकेतस्थळावर केंद्र निवडलं की पुढच्या महिन्यांचं वेळापत्रक दिसतं. तारीख निवडल्यावर आधी नियमावली उघडते. ती खाली सरकवून ‘मान्य आहे’ करू नका. चहा घेऊन बसा आणि पूर्ण वाचा. पहाटे चारला घंटा, साडेचारला ध्यान, अकराला जेवण, संध्याकाळी पाचला चहा आणि फळं किंवा थोडा अल्पोपाहार, रात्री साडेनऊला दिवे बंद, हे सगळं त्यात आहे. रात्रीचं जेवण नाही. फोन, पुस्तकं, वही-पेन, जपमाळ, पूजाअर्चा, उपवास, योगासनं, सगळं त्या दहा दिवसांपुरतं बाजूला. ज्यांची एकादशी किंवा नित्यपूजा चुकत नाही, त्यांनी हे घरूनच मनाशी ठरवून निघावं. तिथे जाऊन वाद घालण्याची ती गोष्ट नाही.

मग फॉर्म. नाव, वय, पत्ता, शिक्षण, व्यवसाय, सूचना कुठल्या भाषेत हव्यात, घरच्या कुणाचा फोन नंबर, ओळखीचं कुणी सोबत येतंय का. जुने साधक की नवीन, हेही विचारतात. गोयंका गुरुजींच्या पद्धतीचं दहा दिवसांचं एक शिबिर पूर्ण केलेला तो जुना साधक. दुसरीकडचं ध्यान वीस वर्षं केलेलं असलं तरी इथे तुम्ही नवीनच. प्रत्येकाचा अर्ज वेगळा. बायकोच्या अर्जात नवऱ्याचं नाव जोडून भागत नाही.

वय १८ पूर्ण हवं. शाळकरी मुलांसाठी आनापानाची छोटी शिबिरं वेगळी असतात. एक किंवा तीन दिवसांची शिबिरं दिसली की नवीन माणूस हरखतो, पण ती जुन्या साधकांसाठीच असतात. सुरुवात दहा दिवसांनीच होते.

तब्येतीचा आणि सवयींचा रकाना

इथे मला थांबून सांगायचंय, कारण सगळ्यात जास्त खोटं इथे लिहिलं जातं. ‘बीपीची गोळी लिहिली तर घेणार नाहीत’, ‘डिप्रेशनचं कशाला सांगायचं’. लोकांना हा गाळणीचा रकाना वाटतो. तो तुमच्या सुरक्षेचा रकाना आहे. दिवसाला दहा तासांच्या आसपास एकाच जागी बसून, कुणाशी न बोलता, स्वतःच्या मनाशी राहणं हे कष्टाचं काम आहे. ज्यांना मानसिक आजार आहे किंवा पूर्वी होऊन गेलाय, त्यांच्यासाठी ते जोखमीचंही ठरू शकतं. विपश्यना हा औषधोपचाराला पर्याय नाही, हे नियमावलीतही स्वच्छ लिहिलंय. चालू औषधं शिबिरासाठी मनाने बंद करू नका. डॉक्टरांना विचारा आणि अर्जात नाव, प्रमाण, किती वर्षं, सगळं लिहा. मधुमेह असेल तर संध्याकाळी जेवण नसतं हे लक्षात घेऊन आधीच कळवा.

मी स्वतः पहिल्या अर्जात झोपेची गोळी लपवली होती. चौथ्या रात्री डोळा लागला नाही, पाचव्या रात्रीही नाही. खोलीच्या छतावर पावसाचा आवाज, शेजारच्या कॉटवरची बाई शांत झोपलेली, आणि माझ्या छातीत धडधड. दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या वेळेत शिबिर घेणाऱ्या सहायक आचार्यांसमोर बसले आणि रडत सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, “अर्जात लिहिलं असतंत तर पहिल्या दिवसापासून तुमच्याकडे लक्ष ठेवलं असतं.” ते वाक्य मी आज प्रत्येकाला सांगते.

म्हणूनच आत्याचा फॉर्म भरताना मी हटून बसले. तिला चाळीस वर्षांची मशेरीची सवय. ती म्हणे, “लिही, काही नाही.” मी लिहिलं: मशेरी, दिवसातून चार वेळा. आठवड्याभराने केंद्रातून फोन आला, “दहा दिवस पूर्ण सोडता येईल का?” आत्याने फोन हातात घट्ट धरून सांगितलं, “सोडीन.” त्याच संध्याकाळी तिने डबी माझ्या हातात दिली. शिबिराला अजून दीड महिना होता, त्यामुळे सवय मोडण्याचे अवघड दिवस घरीच, आमच्यासमोर गेले. रकाना कोरा ठेवला असता तर ते दिवस तिला तिथे एकटीला काढावे लागले असते.

रेकी किंवा तशी कुठली साधना करत असाल तर तेही लिहा. त्याबद्दल जादा विचारणा होते.

अर्ज पाठवल्यावर

अर्ज पोचल्याचा ईमेल येतो, पण ती मंजुरी नव्हे. मंजुरी, प्रतीक्षा यादी किंवा आणखी माहितीची मागणी, असं काहीतरी नंतर येतं. ईमेल रोज पाहा, स्पॅमचा कप्पाही पाहा. शिबिर जवळ आलं की ‘येताय ना’ असं पुन्हा विचारतात. त्याला उत्तर दिलं नाही तर मिळालेली जागा जाऊ शकते. यायला जमणार नसेल तर लगेच रद्द करा. प्रतीक्षा यादीतल्या कुणीतरी रजा मंजूर करून ठेवलेली असते.

नोंदणीला मंजुरीचं पत्र आणि फोटो असलेलं ओळखपत्र, आधार किंवा तत्सम, मूळ आणि एक प्रत न्या. परदेशातून येणाऱ्या मराठी मंडळींनी पासपोर्ट आणि व्हिसा. डॉक्टरांची चिठ्ठी आणि पुरतील एवढी औषधं. कपडे सैल, अंगभर, साधे, अत्तर-सेंट नको. पांघरूण, टॉर्च, गजराचं साधं घड्याळ, कारण फोन पहिल्याच दिवशी जमा होतो. पावसाळ्यात इगतपुरीला जाणार असाल तर छत्री आणि लवकर वाळणारे जादा कपडे. घाटमाथ्यावरचा पाऊस चार-चार दिवस उघडत नाही.

केंद्राच्या कार्यालयाचा नंबर घरच्यांना लिहून द्या आणि अगदी अडीअडचणीलाच फोन करा म्हणून बजावा. तातडीचा निरोप तुमच्यापर्यंत पोचवतात.

परतीचं तिकीट काढताना अकराव्या दिवशी भल्या पहाटेची गाडी धरू नका. त्या दिवशीही साडेचारला बसावं लागतं, मग नाश्ता, खोली झाडून देणं, फोन आणि सामान परत घेणं. धम्मगिरीहून इगतपुरी स्टेशन जवळच आहे, तरी दहाच्या पुढचीच गाडी बघा. आत्याने सकाळची गाडी धरली असती तर सोबतच्या बायकांशी तिचं बोलणं अर्धंच राहिलं असतं. स्टेशनवर मी घ्यायला गेले, तेव्हा त्या चौघी बाकड्यावर बसून अजून बोलतच होत्या.