बॉनेटवरचे झरोके: गरम हवेला वाट करून देण्याचा इतिहास

गाडी तापायला लागली की आपण आधी पुढची जाळी बघतो. वारा नीट आत येतोय ना, प्लास्टिकची पिशवी अडकलेली नाही ना, रेडिएटरच्या पापुद्र्यांत चिखल बसलेला नाही ना. हे बघायलाच हवं. पण रेडिएटरमधून आरपार गेलेला वारा पुढे जातो कुठे, हे फार कमी जण विचारतात. तो इंजिनाभोवतीच्या बंदिस्त जागेत जातो. तिथे आधीच इंजिन, बॅटरी, पाइप आणि वायरींची दाटी असते. बाहेर पडायला वाट कमी असेल तर आत दाब साठतो, आणि मग समोरून कितीही वारा येवो, रेडिएटरमधून जातो थोडाच. बॉनेटचे झरोके म्हणजे या वाऱ्याचं मागचं दार. ते कुठे उघडायचं हे कळायला मोटारवाल्यांना बरीच वर्षं लागली, आणि अनेकांना ते अजूनही कळलेलं नाही.

ढोबळ हिशेब असा: जाळलेल्या पेट्रोलच्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांश कामी येते, तेवढीच सायलेन्सरवाटे जाते आणि तेवढीच रेडिएटरमधल्या पाण्याला उचलावी लागते. सुरुवातीच्या मोटारींना हे ओझं फार जड जायचं. १९०८ साली आलेल्या फोर्डच्या मॉडेल टीला, पहिल्या काही गाड्या सोडल्या तर, पाण्याचा पंपच नव्हता. तापलेलं पाणी हलकं होऊन वर चढतं आणि निवलेलं खाली उतरतं, एवढ्या भरवशावर पाणी फिरायचं. तेव्हाची बॉनेटं मधोमध बिजागरी असलेली असत आणि दोन्ही बाजूंनी पंखांसारखी उघडत. त्यांच्या उभ्या बाजूंना फटींची रांग पाडण्याची पद्धत लवकरच रूढ झाली. १९२०च्या दशकातल्या बहुतेक गाड्यांच्या बॉनेटला बाजूने अशा फटी दिसतात. चामडी पट्ट्याने आवळलेल्या बेंटलीच्या बॉनेटलाही त्या आहेतच. जागाही योग्य होती, कारण पंख्याने मागे ढकललेली गरम हवा बाजूने सरळ निघून जायची.

१९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात गाड्यांचा आकार बदलला. मडगार्ड फुगून बॉनेटला येऊन मिळाले, बॉनेट वरून एकसंध उघडणारं झालं आणि बाजूचा उभा पत्रा नाहीसा झाला. त्याबरोबर फटीही गेल्या. पाण्याचे पंप, चांगले पंखे आणि पुढे रेडिएटरला आतला दाब धरून ठेवणारं झाकण आल्यामुळे त्यांची उणीव रोजच्या वापरात फारशी जाणवली नाही. दाबाखाली पाणी शंभर अंशांच्या बरंच वर गेल्यावर उकळतं, म्हणजे तेवढी सवड मिळते. हवा मात्र आता खालून, जमिनीच्या बाजूने बाहेर पडू लागली.

फटी जिवंत ठेवल्या त्या कॅलिफोर्नियातल्या हौशी पोरांनी. म्युरॉक आणि एल मिराज या कोरड्या तळ्यांवर जुन्या फोर्ड गाड्या घेऊन वेगाच्या चाचण्या करायला ही मंडळी जमत. त्यांचं आवडतं इंजिन म्हणजे १९३२चं फोर्ड व्ही-८, आणि ते तापण्यासाठीच बदनाम. त्याचा जळका वायू बाहेर पडण्याआधी इंजिनाच्या ब्लॉकमधूनच, पाण्याच्या कप्प्यांना खेटून जायचा; सायलेन्सरवाटे जायची ती उष्णता पाण्यातच उतरायची. त्यामुळे बॉनेटवर ओळीने लूव्हर पाडणं ही तिथल्या गॅरेजांची कलाच झाली. लूव्हर म्हणजे नुसतं कापलेलं भोक नव्हे. ठसा आणि प्रेस वापरून पत्र्याला एका कडेने चीर पाडायची आणि त्याच दणक्यात पत्रा ताणून वर उचलायचा, म्हणजे मागे तोंड असलेली छोटी पडवी तयार होते. पत्रा नवा असेल तर ताणला जातो, गंजलेला असेल तर फाटतो. शिवाय एकच लूव्हर वाकडा पडला तरी अख्खी ओळ विद्रूप दिसते. तोंड मागे असल्यामुळे वरून धावणारा वारा आतली हवा ओढून घेतो आणि समोरचा पाऊस-धूळ सहसा आत शिरत नाही.

त्याच सुमारास डेट्रॉइटमध्ये याचं काय झालं ते बघण्यासारखं आहे. ब्यूकचा डिझायनर नेड निकल्स याने आपल्या १९४८च्या रोडमास्टरच्या मडगार्डांना गोल भोकं पाडून आत दिवे बसवले. कंपनीचे प्रमुख हार्लो कर्टिस यांना ते आवडलं आणि १९४९च्या ब्यूक गाड्या भोकं घेऊनच बाजारात आल्या. रोडमास्टरला प्रत्येक बाजूला चार, सुपरला तीन. इंजिनाची गरम हवा यातून बाहेर पडते असं सांगितलं जायचं, पण त्याच वर्षात ती मागून बुजवली गेली. पुढे कित्येक वर्षं त्यांचं काम एकच राहिलं: शेजाऱ्याने कोणती ब्यूक घेतली आहे हे मोजून ओळखणं. आज आपल्याकडे ॲक्सेसरीच्या दुकानात दुहेरी टेपने चिकटवायचे प्लास्टिकचे स्कूप मिळतात, ते याच घराण्यातले.

खऱ्या झरोक्यांचं सगळ्यात देखणं उदाहरण जॅग्वार ई-टाइपचं. मार्च १९६१मध्ये जिनिव्हात ती लोकांसमोर आली. तिच्या लांबलचक बॉनेटवर, मधल्या फुगवट्याच्या दोन्ही अंगांना लूव्हरच्या रांगा होत्या. सुरुवातीच्या गाड्यांत त्या वेगळ्या बनवून वेल्ड केलेल्या असत, नंतर बॉनेटच्या पत्र्यातच ठशाने पाडल्या जाऊ लागल्या. मोकळ्या रस्त्यावर त्या आपलं काम चोख करत. शहराच्या उन्हाळी ट्रॅफिकमध्ये मात्र गाडीचा पारा चढायचाच. १९६८च्या दुसऱ्या मालिकेत जॅग्वारने लूव्हर वाढवले नाहीत. पुढचं तोंड मोठं केलं आणि विजेचे दोन पंखे बसवले.

असं का, हे समजायला दाबाचा एक आकडा पुरेसा आहे. ताशी १०० किमी वेगाने जाणाऱ्या गाडीच्या नाकावर वाऱ्याचा जो दाब पडतो, तो पाण्याच्या उंचीत मोजला तर सुमारे ४८ मिमी भरतो. वेग निम्मा झाला की दाब पावपट होतो, म्हणजे १२ मिमी. ताशी २५ किमीला उरतात जेमतेम ३ मिमी. झरोका स्वतः काही ढकलत नाही. बॉनेटखालचा दाब आणि वरचा दाब यांच्यातल्या फरकावर तो चालतो. वेगच नसेल तर फरकही नाही, आणि मग गरम हवा आपसूक वर चढून जाते तेवढाच फायदा. खंडाळ्याच्या घाटात फियाट आणि ॲम्बेसेडर बॉनेट उघडून रांगेने उभ्या असायच्या, तिथे हाच प्रश्न होता. इंजिन पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण जोर लावतंय आणि वारा मात्र नावालाच. अशा वेळी बॉनेटला दहा भोकं पाडली असती तरी चढ चढताना फार फरक पडला नसता. पंखा, पट्टा, थर्मोस्टॅट आणि स्वच्छ रेडिएटर यांचंच ते काम. झरोक्याचा उपयोग झालाच असता तर गाडी थांबल्यावर, आत कोंडलेली धग लवकर निवायला.

दुसरा मुद्दा जागेचा, आणि खरी गंमत इथेच आहे. बॉनेटच्या पुढच्या कडेवरून वारा वळून वर येतो तिथे, कडेच्या किंचित मागे, दाब कमी असतो. तोच वारा मागे जाऊन समोरच्या काचेला धडकतो, आणि काचेच्या पायथ्याशी दाब वाढतो. म्हणूनच गाडीच्या आतल्या ब्लोअरला बाहेरची हवा घेण्यासाठी जाळी तिथेच, वायपरखाली असते. शेव्हरोलेने १९६९च्या कमारोसाठी एक बॉनेट दिलं होतं. त्याचा मागे उघडणारा फुगवटा काचेकडे तोंड करून होता. बघणाऱ्याला वाटावं की इथून गरम हवा बाहेर पडते. प्रत्यक्षात तो काचेपाशी साठलेली दाबाची थंड हवा कार्ब्युरेटरकडे, म्हणजे इंजिनासाठी हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागाकडे, आत ओढायचा. एवढं माहीत असूनही बिजागरीखाली वायसर घालून बॉनेटची मागची कड उचलण्याचा जुगाड जगभर चालतो. उभ्या गाडीत गरम हवा तिथून वर जाते हे खरं, म्हणून करणाऱ्याला फरक पडल्यासारखं वाटतं. हायवेला लागलं की तीच फट उलटी चालते, हवा आत ढकलते आणि इंजिनाचा वास थेट ब्लोअरमधून केबिनमध्ये येतो.

हे सगळं घरच्या घरी तपासता येतं. लोकरीचे बोटभर लांबीचे तुकडे बॉनेटवर टेपने चिकटवायचे, मित्राला शेजारच्या गाडीतून व्हिडिओ घ्यायला लावायचा आणि कुठले धागे सपाट लवतात, कुठले वळवळतात ते बघायचं. दाबासाठी पारदर्शक नळीचा यू, त्यात रंगवलेलं पाणी. एक टोक बॉनेटखाली, दुसरं बाहेर ज्या जागी झरोका पाडायचा तिथे चिकटवलेलं. पाण्याच्या दोन पातळ्यांमधला फरक म्हणजे त्या जागी मिळणारी ओढ. इतक्या साध्या गोष्टी न करता लोक करवतीलाच का हात घालतात, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

गरम हवेच्या वाटेचा शास्त्रीय विचार आधी विमानवाल्यांनी केला. इंग्लंडमध्ये फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटमधले एफ. डब्ल्यू. मेरेडिथ यांनी १९३५ साली मांडलं, की रेडिएटरमधून तापून फुगलेली हवा नीट आकाराच्या नळीतून मागे सोडली तर रेडिएटरमुळे होणारा अडथळा बराचसा भरून निघतो. दुसऱ्या महायुद्धातल्या पी-५१ मस्टँग विमानाच्या पोटाखालचा फुगवटा या विचारावरच बेतलेला. मोटारीला विमानाचा वेग नसतो, त्यामुळे मागे सोडलेल्या हवेने पुढे ढकललं जाण्याचा लाभ नगण्य, पण हवेला आत आणि बाहेर दोन्हीकडे नळीतून न्यायचं ही शिस्त शर्यतीच्या गाड्यांनी उचलली. फोर्ड जीटी-४०चा रेडिएटर नाकात आहे आणि त्याची हवा नाकाच्या माथ्यावरच्या मोठ्या तोंडांतून वर फेकली जाते. यात थंडाव्याइतकाच दुसरा फायदा होता. हवा गाडीखाली न कोंबल्यामुळे पुढची चाकं वेगात हलकी पडत नाहीत. १९७१मध्ये अमेरिकी शर्यतपटू डॅन गर्नी यांनी शर्यतीच्या गाडीच्या पंखाच्या कडेवर उभी पट्टी लावून दाखवल्यावर तीच युक्ती झरोक्यांकडेही आली. भोकाच्या पुढच्या कडेला छोटी उभी कड ठेवली की तिच्यामागे दाब आणखी पडतो.

सर्वसामान्य लोकांच्या नजरेत बॉनेटचे झरोके भरले ते मोटारींच्या रॅली शर्यतींमुळे. १९८७पासून लॅन्शिया डेल्टाने सलग सहा वर्षं जागतिक रॅलीचं निर्मात्यांचं विजेतेपद घेतलं. छोट्या कुटुंबासाठी आखलेल्या गाडीच्या इवल्याशा जागेत दोन लिटरचं टर्बो इंजिन आडवं कोंबलेलं. दर आवृत्तीगणिक बॉनेटवरचा फुगवटा आणि जाळ्या वाढत गेल्या, १९९१च्या इव्होल्युझिओनेपर्यंत. मग आल्या जपानी गाड्या, आणि त्यांनी एक गोंधळ कायमचा करून ठेवला. सुबारू इम्प्रेझाच्या बॉनेटवरचं तोंड हवा आत घेतं, कारण तिचा इंटरकूलर, म्हणजे टर्बोने दाबून तापवलेली हवा इंजिनात जाण्याआधी निववणारी जाळी, इंजिनाच्या डोक्यावर आहे. मित्सुबिशी इव्होचा इंटरकूलर पुढे बंपरमागे, म्हणून तिच्या बॉनेटवरची मोठी जाळी हवा बाहेर टाकते. भारतात २००९ साली आलेल्या पहिल्या फॉर्च्युनरच्या तीन लिटर डिझेलवरचं तोंड सुबारूच्या जातीचं. तेव्हा तिच्याकडे बघून कुणी आपल्या गाडीला पुढे तोंड असलेला स्कूप बसवला असेल, तर त्याने हवा बाहेर पडायच्या जागी आणखी वारा कोंबला.

भोक म्हटलं की पाऊसही आला. कोकणातल्या जुलैत आल्टर्नेटर आणि इग्निशन कॉइलवर सतत धार पडली तर थंडावा महागात पडतो. कारखान्यातून येणाऱ्या झरोक्यांखाली म्हणून पाणी बाजूला वळवणारी पन्हळ असते. २०२०च्या फोर्ड शेल्बी जीटी-५००च्या बॉनेटवर सहा चौरस फुटांहून मोठी जाळी आहे, आणि तिच्याखाली ॲल्युमिनिअमचा पावसाळी ट्रे. शर्यतीच्या ट्रॅकवर तो काढून ठेवायचा, रस्त्यावर पुन्हा बसवायचा. शिवाय बॉनेटच्या आतल्या बाजूला वेल्ड केलेला जो सांगाडा असतो, तो धडकेत ठरलेल्या जागी दुमडण्यासाठी आखलेला असतो. वरचा पत्रा कापताना करवत त्यावर गेली की ती आखणी संपली. डेंटिंगवाल्याला हे आधीच सांगावं, कारण त्याच्या दृष्टीने तो फक्त अडचणीचा पत्रा असतो.

आणि बाहेर काढलेली गरम हवा पुढे जाते कुठे, हा प्रश्न उरतोच. २०२२मध्ये आलेल्या पोर्शे ९११ जीटी३ आरएसने पुढची सामानाची जागा सोडून तिथे एकच मोठा तिरपा रेडिएटर बसवला आणि त्याची हवा बॉनेटवरच्या दोन रुंद नाकपुड्यांतून वर सोडली. पण या गाडीचं इंजिन मागे आहे, आणि छतावरून वाहत गेलेली गरम हवा नेमकी इंजिनाच्या श्वासात शिरण्याचा धोका होता. म्हणून छतावर उभे पंख लावले आहेत, जे तिला दोन्ही बाजूंना वळवतात.