मास इफेक्ट

विज्ञानकथेवर आधारलेली आणि खेळाडूच्या निर्णयांनी आकार घेणारी व्हिडिओ गेमची मालिका. कॅनडातील एडमंटन येथे स्थापन झालेल्या बायोवेअर या कंपनीने ती तयार केली. मूळ त्रयीतील पहिला गेम नोव्हेंबर २००७ मध्ये, दुसरा जानेवारी २०१० मध्ये आणि तिसरा मार्च २०१२ मध्ये बाजारात आला. खेळाडूच्या निवडीप्रमाणे शेवट बदलणारे गेम त्याआधीही पुष्कळ होते. परंतु एका गेममध्ये घेतलेला निर्णय सेव्ह फाइलच्या (खेळाच्या साठवलेल्या नोंदीच्या) रूपाने पुढच्या गेममध्ये न्यायचा, तिथे त्याचे परिणाम दाखवायचे आणि तोच हिशेब तिसऱ्या गेमच्या अखेरपर्यंत चालू ठेवायचा, हा प्रयोग इतक्या मोठ्या आवाक्यात या त्रयीने केला. मालिकेला मिळालेली दाद आणि तिच्यावर झालेली सर्वांत कडवट टीका, या दोन्हींचे मूळ याच प्रयोगात आहे.

बायोवेअरची स्थापना १९९५ साली झाली. तिच्या संस्थापकांपैकी रे म्युझिका, ग्रेग झेशुक आणि ऑगस्टिन यिप हे तिघे शिक्षणाने डॉक्टर होते. ‘स्टार वॉर्स : नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक’ (२००३) या गेमने कंपनीला मोठे नाव मिळवून दिले, पण त्याचे कथाविश्व दुसऱ्याच्या मालकीचे होते. त्या गेमचे दिग्दर्शक केसी हडसन आणि प्रमुख लेखक ड्रू कार्पिशिन यांनी मग कंपनीच्या स्वतःच्या मालकीचे अंतराळविश्व उभे करायला घेतले, आणि ते सुरुवातीपासूनच तीन भागांचे योजले. पहिले दोन भाग कार्पिशिन यांच्या प्रमुख लेखनाखाली झाले, तर तिसऱ्याची ती जबाबदारी मॅक वॉल्टर्स यांच्याकडे आली. दरम्यान इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या अमेरिकन कंपनीने बायोवेअर विकत घेतली.

पहिल्या गेमची कथा सन २१८३ मध्ये घडते. त्याआधी पस्तीस वर्षे, म्हणजे २१४८ मध्ये, माणसाला मंगळावर ‘प्रोथियन’ नावाच्या लुप्त संस्कृतीचे अवशेष सापडलेले असतात. त्यांतून ‘एलिमेंट झीरो’ या द्रव्याचा उपयोग कळतो. या द्रव्यातून वीज वाहू लागली की भोवतालच्या क्षेत्रातील वस्तूंचे वस्तुमान कमी किंवा जास्त करता येते, आणि त्यामुळे प्रकाशाहून वेगवान प्रवास शक्य होतो, अशी ही कल्पना आहे. मालिकेचे नाव त्यावरूनच आले. आकाशगंगेत ठिकठिकाणी ‘मास रिले’ नावाची प्रचंड यंत्रे असून त्यांच्यातून जहाजे क्षणात हजारो प्रकाशवर्षे पार करतात. या जाळ्याच्या केंद्रस्थानी ‘सिटाडेल’ हे अवाढव्य स्थानक आहे. तिथून असारी, सॅलेरियन आणि ट्युरियन या तीन जुन्याजाणत्या वंशांची परिषद कारभार पाहते. माणूस इथे गावात नव्याने राहायला आलेल्या कुटुंबासारखा आहे. त्याची दखल घेतली जाते, पण त्याला परिषदेत जागा नाही. रिले आणि सिटाडेल प्रोथियनांनी बांधले असा सर्वांचा समज असतो. प्रत्यक्षात ते ‘रीपर’ या यंत्रमय जातीने लावलेले सापळे असतात. दर पन्नास हजार वर्षांनी रीपर परततात आणि प्रगत झालेले सर्व वंश कापून नेतात.

कथेचे मुख्य पात्र म्हणजे कमांडर शेपर्ड. शेपर्डचे पहिले नाव, चेहरा, पूर्वायुष्य आणि लिंग खेळाडूने ठरवायचे असते. पुरुष शेपर्डला मार्क मीर यांनी आणि स्त्री शेपर्डला जेनिफर हेल यांनी आवाज दिला. सर्व पात्रे आडनावाने किंवा हुद्द्याने हाक मारत असल्यामुळे आणि इंग्रजीत क्रियापद लिंगाप्रमाणे बदलत नसल्यामुळे बहुतेक संवाद दोघांसाठी एकच लिहिता आले. मराठीत ही सोय नाही. ‘शेपर्ड आला’ की ‘शेपर्ड आली’ हे पहिल्याच वाक्यात ठरवावे लागते आणि नोंद लिहिणाऱ्यालाही त्यातून सुटका नसते. या नोंदीत पुढे स्त्रीरूप वापरले आहे. २०११ मध्ये बायोवेअरने दिलेल्या माहितीप्रमाणे स्त्री शेपर्ड निवडणारे खेळाडू सुमारे १८ टक्केच होते, तरीही हेल यांचा अभिनय हा मालिकेतील सर्वांत वाखाणला गेलेला भाग ठरला.

संभाषणासाठी या मालिकेने ‘संवादचक्र’ ही पद्धत रूढ केली. पूर्वीच्या गेममध्ये पूर्ण वाक्यांची यादी वाचून त्यांतले एक निवडावे लागे आणि नायक बहुधा मुकाच असे. इथे पडद्यावरच्या वर्तुळाभोवती चार-दोन शब्दांचे पर्याय दिसतात. उजवीकडे वर समजुतीचा, खाली ताठर, डावीकडे अधिक चौकशीचा. खेळाडू दिशा निवडतो आणि शेपर्ड पूर्ण वाक्य बोलते. त्यामुळे संभाषणाला चित्रपटासारखा ओघ आला, मात्र निवडलेले चार शब्द आणि प्रत्यक्ष उच्चारलेले वाक्य यांचा मेळ बसत नाही, ही तक्रारही तिथूनच सुरू झाली. प्रत्येक कृतीचे ‘पॅरागॉन’ (संयमी, उदार) किंवा ‘रेनेगेड’ (कठोर, बेपर्वा) असे गुण मिळतात. ही गुणपद्धती मालिकेतील कच्चा दुवा म्हणायला हवी. विशेषतः दुसऱ्या भागात अवघड प्रसंगी मन वळवण्याचा पर्याय उघडायचा तर एकाच बाजूचे भरपूर गुण साठलेले असावे लागतात. परिणामी प्रसंगागणिक विचार करण्याऐवजी खेळाडू आरंभीच एक बाजू धरतो आणि पुढे निर्णय न घेता नुसती भर घालत जातो.

निर्णयांचे खरे वजन या गुणांत नसून कथासूत्रांत आहे, आणि त्यांत ‘जेनोफेज’चे सूत्र सर्वांत कसदार आहे. क्रोगन हा चिवट, लढाऊ वंश. रॅक्नाय या कीटकसदृश वंशाशी लढण्यासाठी सॅलेरियनांनी त्याला हाताशी धरून प्रगत केले. युद्ध जिंकल्यावर क्रोगनांची संख्या अफाट वाढली आणि ते इतरांचे ग्रह बळकावू लागले. तेव्हा सॅलेरियनांनी तयार केलेला आणि ट्युरियनांनी प्रत्यक्ष वापरलेला जैविक उपाय म्हणजे जेनोफेज : क्रोगनांच्या हजार गर्भांपैकी जेमतेम एक जगतो. शेकडो वर्षे एक अख्खी जात मृत अर्भके पुरत जगते आहे, आणि ते घडवणाऱ्यांच्या मते त्यामुळेच आकाशगंगा वाचली आहे. दोन्ही बाजूंचे म्हणणे पटण्यासारखे मांडले असल्यामुळे इथे सोपे उत्तर उरत नाही.

पहिल्या गेममध्ये व्हर्मायर ग्रहावर शत्रूच्या तळात जेनोफेजवरचा उतारा सापडतो आणि तो तळ उडवून देणे भाग असते. शेपर्डचा क्रोगन सहकारी रेक्स तिच्यावर बंदूक रोखतो. त्याची समजूत घालता आली नाही, तर तो तिथेच मारला जातो. दुसऱ्या गेममध्ये मॉर्डिन सोलस हा सॅलेरियन शास्त्रज्ञ पथकात येतो. क्रोगन त्या रोगाशी जुळवून घेऊ लागले तेव्हा जेनोफेज पुन्हा प्रभावी करणाऱ्यांपैकी तो एक. त्याचा जुना शिष्य मेलन क्रोगन स्त्रियांवर क्रूर प्रयोग करून उतारा शोधत असतो. त्या प्रयोगांची माहिती जपून ठेवायची की नष्ट करायची, हे खेळाडूने ठरवायचे. बहुतेकांना ही त्या वेळी किरकोळ नैतिक चर्चा वाटली. तिसऱ्या गेममध्ये उतारा खरोखर तयार होतो, तेव्हा या दोन्ही जुन्या निर्णयांची वसुली होते. माहिती नष्ट केली असेल तर ज्या क्रोगन स्त्रीच्या आधारे उतारा बनतो ती वाचत नाही. रेक्स मेला असेल तर क्रोगनांचे नेतृत्व रीव्ह या सूडाने पेटलेल्या सरदाराकडे गेलेले असते आणि उतारा देणे शहाणपणाचे आहे का, असा प्रश्न नव्याने उभा राहतो. त्यातच सॅलेरियन नेत्या गुपचूप सांगतात की उतारा बिघडवला तर आपले सैन्य मदतीला येईल. उतारा खरा द्यायचा तर मॉर्डिन स्वतःचा जीव देऊन तो पसरवतो. फसवायचे ठरवले तर बहुतेक परिस्थितींत त्याच्या पाठीत गोळी घालावी लागते. आणि रेक्स जिवंत असेल, तर पुढे सत्य कळल्यावर तो जाब विचारायला येतो. पाच वर्षांत आलेल्या तीन गेममधून एकाच प्रश्नाचा असा सलग माग क्वचितच कोणी काढला असेल.

ही रचना कशी उभी राहते हे पाहण्यासारखे आहे. प्रत्येक निर्णयागणिक कथेला नवा फाटा फोडला तर थोड्याच अवधीत शेकडो वेगळ्या कथा लिहाव्या लागतील, आणि आवाज व दृश्ये मुद्रित करण्याचा खर्च कोणालाच पेलणार नाही. म्हणून मुख्य घटना ठरलेल्या राहतात. फाटे फुटतात आणि पुढच्या टप्प्यावर पुन्हा एकत्र येतात. मेलेल्या पात्राच्या जागी बदली पात्र उभे राहते : रेक्सऐवजी रीव्ह, मॉर्डिनऐवजी पॅडॉक विक्स. बदली पात्र चांगले लिहिले असेल तर प्रसंगाचा अर्थच पालटतो. सगळीकडे हे साधलेले नाही. पहिल्या भागात रॅक्नाय राणीला मारून टाकले तरी तिसऱ्या भागात रीपरांनी घडवलेली दुसरी राणी हजर असते. परिषदेत पुढे मिळालेल्या मानवी जागेसाठी अँडरसन यांना निवडले तरी तिसऱ्या भागात त्या खुर्चीवर उडीनाच बसलेला दिसतो. अशा ठिकाणी हिशेबाची वही मध्येच कोणी बदलली असे वाटते.

दुसऱ्या गेमचा शेवट या तंत्राचा सर्वांत नेटका नमुना आहे. ‘सुसाइड मिशन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या मोहिमेत पथकातील कोणीही मरू शकतो. जहाजाचे कवच, ढाल आणि तोफ आधी सुधारली होती का, सहकाऱ्यांची खासगी कामे पार पाडून त्यांचा विश्वास मिळवला होता का, आणि ऐन वेळी कोणते काम कोणाकडे सोपवले, यांवर प्रत्येकाचे जगणे-मरणे ठरते. जहाजावरच्या लोकांचे अपहरण झाल्यावर उगाच वेळ काढला तर तेही वाचत नाहीत. इथे चांगुलपणाच्या गुणांपेक्षा माणसांची पारख कामी येते. पथकातील दोन जणही वाचले नाहीत तर शेपर्डही मरते आणि ती सेव्ह फाइल तिसऱ्या गेममध्ये नेता येत नाही. या गेमला २०११ मध्ये सर्वोत्कृष्ट गेमचा बाफ्टा पुरस्कार मिळाला.

तिसऱ्या गेमच्या शेवटावरून मात्र वादळ उठले. रीपरांशी अखेरचे युद्ध पृथ्वीवर होते आणि अगदी शेवटी शेपर्डसमोर तीन पर्याय ठेवले जातात : रीपरांचा आणि त्यांच्याबरोबर सर्व कृत्रिम बुद्धीचा नाश, रीपरांवर ताबा, किंवा सजीव व यंत्र यांचे एकीकरण. आधीच्या शेकडो निर्णयांचा परिणाम प्रामुख्याने युद्धसज्जतेच्या एका आकड्यात गोळा केलेला होता, आणि तिन्ही शेवटांची दृश्ये स्फोटाचा लाल, निळा किंवा हिरवा रंग सोडला तर बरीचशी सारखी होती. शेवट अ, ब, क असे मोजता येण्यासारखे नसतील, असे हडसन यांनी आधी सांगितलेले असल्याने रोष अधिकच भडकला. काही चाहत्यांनी निषेध म्हणून ‘चाइल्ड्स प्ले’ या धर्मादाय संस्थेसाठी ८०,००० डॉलरहून अधिक रक्कम जमवली. इतरांनी बायोवेअरच्या कार्यालयात लाल, निळ्या आणि हिरव्या रंगांचे सुमारे चारशे कपकेक पाठवले. रंग तीन, चव एकच. टीका एवढ्या नेमकेपणाने फार थोड्यांना करता येते.

म्युझिका यांनी मार्च २०१२ मध्ये जाहीर निवेदन दिले आणि जूनमध्ये कंपनीने ‘एक्स्टेंडेड कट’ ही विनामूल्य भर प्रसिद्ध केली. तिने मूळ पर्याय बदलले नाहीत, परंतु त्यांचे परिणाम विस्ताराने दाखवले आणि तिन्ही पर्याय नाकारण्याचा चौथा मार्ग दिला. तो निवडल्यास रीपर जिंकतात. शेवट बदलणे म्हणजे कलाकृतीत प्रेक्षकांची ढवळाढवळ, असा आक्षेप त्या वेळी काहींनी घेतला. मात्र ज्या कलाकृतीने पाच वर्षे खेळणाऱ्याला सहलेखकाचा मान दिला, तिच्याबाबत हा आक्षेप जरा लंगडा पडतो. मार्च २०१३ मध्ये आलेल्या ‘सिटाडेल’ या जोडभागात सर्व सहकाऱ्यांना हसत-खेळत निरोप देता येतो, आणि अनेक चाहते मनोमन तोच खरा शेवट धरतात.

याआधीचा एक वाद सांगायला हवा. स्त्री शेपर्ड आणि असारी सहकारी लियारा यांच्यातील प्रणयदृश्यावरून सिंगापूरने नोव्हेंबर २००७ मध्ये पहिल्या गेमवर बंदी घातली आणि लगेच ती उठवून अठरा वर्षांवरील व्यक्तींसाठी परवानगी दिली.

मूळ तिन्ही गेमची सुधारित एकत्र आवृत्ती ‘लेजंडरी एडिशन’ १४ मे २०२१ रोजी आली. तीत जवळजवळ सर्व जोडभाग आहेत, मात्र पहिल्या गेमचा ‘पिनॅकल स्टेशन’ हा जोडभाग मूळ संगणकसंहिता हाती न उरल्याने वगळावा लागला. त्याआधी, मार्च २०१७ मध्ये, ‘मास इफेक्ट : अँड्रोमेडा’ प्रसिद्ध झाला होता. तीन शेवटांपैकी कोणता खरा मानायचा, हा पेच त्याने अंतर वाढवून टाळला : त्यातील प्रवासी तिसऱ्या गेमच्या युद्धापूर्वीच, २१८५ मध्ये, निघतात आणि सहाशेहून अधिक वर्षे निद्रिस्त राहून दुसऱ्या दीर्घिकेत पोहोचतात. नोव्हेंबर २०२० मध्ये नव्या गेमची घोषणा झाली. पुढच्याच महिन्यात दाखवलेल्या त्याच्या झलकेत वयस्कर लियारा बर्फातून वाट काढत येते आणि शेपर्डच्या चिलखतावर असते तसे ‘एन ७’ चिन्ह असलेला एक तुकडा उचलते. तो गेम पुन्हा आपल्याच आकाशगंगेत येणार असेल, तर हा पेच त्याला सोडवावाच लागेल.