स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी: डिश लावताना कोणत्या पट्टीकडे बघायचं?

फ्री-टू-एअर रिसीव्हर (पैसे न भरता दिसणारे चॅनेल पकडणारा सेट-टॉप बॉक्स) डिशला जोडून अँटेना सेटिंगचा मेन्यू उघडला की पडद्यावर दोन पट्ट्या दिसतात. एक स्ट्रेंग्थ, दुसरी क्वालिटी. डिश अजून भिंतीला टेकवून ठेवलेली असली तरी बऱ्याच रिसीव्हरांवर पहिली पट्टी निम्म्यापर्यंत भरलेली असते. नव्या माणसाला वाटतं, अर्धं काम झालं, आता उरलेलं भरायचं. मग तीच पट्टी वाढवण्याच्या नादात दुपार जाते आणि एकही चॅनेल लागत नाही. दोन्ही पट्ट्या टक्क्यांत असतात, शेजारी असतात, म्हणून ती एकाच गोष्टीची दोन मापं वाटतात. तशी ती नाहीत.

स्ट्रेंग्थ: केबलमध्ये किती आलं

टीव्हीचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर असतात. तिथून डिशवर पडणारा सिग्नल इतका क्षीण असतो की एलएनबीला (डिशसमोर दांड्यावर बसवलेला, सिग्नल पकडणारा छोटा डबा) तो ५० ते ६० डेसिबल, म्हणजे एक लाख ते दहा लाख पट, मोठा करावा लागतो. मग तो ९५० ते २१५० मेगाहर्ट्झमध्ये उतरवून केबलवर सोडला जातो. पण एलएनबीला निवड करता येत नाही. उपग्रहाकडून आलेलं, आकाशातून आलेलं, उबदार जमिनीतून आणि भिंतीतून आलेलं, शिवाय त्याच्या स्वतःच्या सर्किटची खरखर, सगळं तो सारखंच मोठं करतो. रिसीव्हरपर्यंत एकूण किती ताकद पोचली एवढंच स्ट्रेंग्थ सांगते. तिच्यात उपग्रहाचा वाटा किती, हे तिला कळत नाही.

खात्री करून घ्यायची तर चॅनेल चालू असताना एलएनबीच्या तोंडावर तळहात धरा. क्वालिटी शून्यावर येईल, स्ट्रेंग्थ मात्र जवळपास जागेवर राहील. हाताचं तापमान सुमारे ३०० केल्विन, मोकळं आकाश त्याहून कितीतरी थंड. उपग्रह झाकला गेला आणि त्याच्या जागी हाताचा गोंगाट आला. आकाशातही हेच वर्षातून दोनदा घडतं. मार्च आणि सप्टेंबरमधल्या विषुवदिनांच्या आगेमागे काही दिवस, रोज काही मिनिटं, सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो. तेव्हा स्ट्रेंग्थ चढते आणि चित्र जातं.

क्वालिटी: त्यातलं किती समजलं

दिलेली फ्रिक्वेन्सी आणि सिम्बॉल रेट (डेटा पाठवण्याचा वेग) धरून रिसीव्हर ट्रान्सपॉन्डर, म्हणजे अनेक चॅनेल एकत्र पाठवणारा उपग्रहावरचा एक प्रक्षेपक, ओळखायचा प्रयत्न करतो. ओळख पटली, म्हणजे लॉक झालं, तरच क्वालिटीला अर्थ येतो. तोवर ती शून्य किंवा शून्याच्या आसपास थरथरत राहते. सिग्नल गोंगाटाच्या किती वर आहे, किंवा आलेल्या बिट्समध्ये किती चुका सापडल्या, यावरून हा आकडा काढतात. टक्के कसे मोजायचे याचा सर्वांना लागू असा नियम नाही, त्यामुळे एका रिसीव्हरवरचे ६० टक्के दुसऱ्यावरच्या ६० टक्क्यांशी ताडून बघण्यात अर्थ नाही. संगणकाच्या अनेक ट्यूनर कार्डांवर आणि चांगल्या हातमीटरांवर हाच आकडा डेसिबलमध्ये मिळतो. मिळत असेल तर तोच वापरा.

डेसिबल हाताशी असले की एक कोडं लगेच सुटतं: त्याच डिशवर, त्याच उपग्रहाचा एक ट्रान्सपॉन्डर छान चालतो आणि दुसरा का अडखळतो? सिग्नलमध्ये माहिती किती दाटीने भरली आहे, यावर ते ठरतं. डीव्हीबी-एस२ या उपग्रह प्रसारणाच्या पद्धतीत क्यूपीएसके १/२ या विरळ भरणीला आदर्श स्थितीत सिग्नल गोंगाटापेक्षा फक्त १ डेसिबल वर असला तरी चालतं. ८पीएसके ३/४ या दाट भरणीला जवळपास ७.९ डेसिबल लागतात, आणि प्रत्यक्षात दोन्हींना थोडे जास्तच. म्हणजे ६ डेसिबलवर पहिला निर्धास्त, दुसऱ्याचं चित्रच नाही. या मर्यादेच्या जवळ काठ अगदी उभा असतो. जुन्या ॲनालॉग टीव्हीवर सिग्नल उतरला की मुंग्या वाढत जायच्या. इथे डेसिबलचा छोटासा अंश कमी झाला की चित्राचे चौकोन होतात, आणखी थोडा गेला की पडदा काळा.

डिश फिरवताना

सुरुवातीला रिसीव्हरला एलएनबीचा नेमका प्रकार सांगा. युनिव्हर्सल केयू-बँड (छोट्या डिशवर येणाऱ्या, ११-१२ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी) एलएनबीला ९७५० आणि १०६०० मेगाहर्ट्झ हे दोन लोकल ऑसिलेटर (फ्रिक्वेन्सी खाली उतरवण्यासाठी वजा होणारे आकडे) असतात, ११.७ गिगाहर्ट्झच्या वरच्या भागासाठी रिसीव्हर २२ किलोहर्ट्झचा टोन पाठवतो. सी-बँडला (मोठ्या डिशवर येणाऱ्या, ४ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी) ५१५० मेगाहर्ट्झ. उभ्या पोलरायझेशनला (लहर उभी हलते की आडवी, ती दिशा) १३ व्होल्ट, आडव्याला १८. यातलं काही चुकलं तर स्ट्रेंग्थ भरगच्च दिसते आणि डिश अचूक लागलेली असूनही क्वालिटी उठत नाही. त्यामुळे डिशला दोष देण्याआधी हा मेन्यू पुन्हा वाचा.

मग त्या उपग्रहाचा एक सध्या चालू असलेला, जोरदार ट्रान्सपॉन्डर निवडा. फ्रिक्वेन्सी, पोलरायझेशन आणि सिम्बॉल रेट तिन्ही ताजे हवेत. जुन्या यादीतला बंद पडलेला ट्रान्सपॉन्डर कितीही शोधला तरी सापडणार नाही. आपल्या जागेसाठी दिशाकोन, उंचीकोन आणि स्क्यू (एलएनबी स्वतःभोवती किती फिरवायचा तो कोन) काढा. होकायंत्र चुंबकीय उत्तर दाखवतं, खरी नाही. तो फरक वजा-अधिक करा. लोखंडी खांबाला चिकटून होकायंत्र धरू नका. ऑफसेट डिश (एलएनबी मध्यावर नसून खालच्या बाजूला असलेली नेहमीची छोटी डिश) बघायला जवळजवळ उभी दिसते, कारण तिची नजर तिच्या तोंडापेक्षा साधारण २० ते २५ अंश वर असते. खांब ओळंब्यात नसेल तर ब्रॅकेटवरचे अंश खोटे ठरतात.

आता उंचीकोन पक्का ठेवून डिश आडवी फिरवा, पण अगदी हळू. ९० सेंटिमीटर डिशचा झोत १२ गिगाहर्ट्झला जेमतेम २ अंश रुंद असतो, ६० सेंटिमीटरचा ३ च्या थोडा आत. लॉक व्हायला रिसीव्हरला एक ते तीन सेकंद लागू शकतात. हात भरभर फिरला तर उपग्रह समोरून निघून जातो आणि पट्टीला पत्ताच लागत नाही. अर्धा अंश हलवा, थांबा, तीन आकडे मोजा, पुढे सरका. एक फेरी रिकामी गेली तर उंचीकोन एका अंशाने बदलून पुन्हा.

क्वालिटी उठली की हर्षून बोल्ट आवळू नका. आधी नेटवर्कचं नाव किंवा चॅनेलची यादी तपासा, कारण शेजारच्या उपग्रहावरही तीच फ्रिक्वेन्सी आणि तोच सिम्बॉल रेट असू शकतो. मग शिखर शोधा. नुसत्या डोळ्याने ते नीट सापडत नाही, वरचा भाग सपाट असतो. डावीकडे क्वालिटी ठरावीक आकड्याला पडेपर्यंत सरका, खूण करा. उजवीकडे तोच आकडा येईपर्यंत सरका, खूण करा. बरोबर मध्यावर बसवा. उंचीकोनासाठीही तसंच. मग एलएनबी क्लॅम्पमध्ये थोडा पुढेमागे करून बघा, शेवटी फिरवून स्क्यू जुळवा. स्क्यू चुकल्यावर विरुद्ध पोलरायझेशनचा ट्रान्सपॉन्डर आत घुसतो, स्ट्रेंग्थ तशीच राहते आणि क्वालिटी खचते. बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे आवळा. एकच बाजू ताणली की डिश हलते. आवळून झाल्यावर आकडा पुन्हा बघा.

या सगळ्या कामात स्ट्रेंग्थकडे बघायचं कारण एकच: एलएनबीला वीज पोचतेय ना.

स्ट्रेंग्थ कधी खरी बोलते

स्ट्रेंग्थ अचानक तळाला गेली तर दोष डिशच्या दिशेत नाही, तारेत किंवा एलएनबीत आहे. कनेक्टर सुटला, एलएनबी मेला, पाणी शिरलं, किंवा जाळीची एखादी तार मधल्या तांब्याला टेकून शॉर्ट झाली. एफ-कनेक्टर (केबलच्या टोकाचा पेचाचा जोड) बसवताना ही एक तार फार त्रास देते. रिसीव्हर बंद करून कनेक्टर नव्याने कापून बसवा आणि बाहेरच्या जोडावर जलरोधक टेप गुंडाळा.

केबल लांब असेल तर स्ट्रेंग्थ उतरते. आरजी-६ या नेहमीच्या डिश केबलमध्ये १०० मीटरला २१५० मेगाहर्ट्झवर साधारण ३० डेसिबल जातात, म्हणजे २० मीटरला ६. तरीही क्वालिटीला बहुधा धक्का लागत नाही, कारण केबल सिग्नल आणि गोंगाट दोन्हींना सारखंच कमी करते. नेमक्या याच कारणाने लाइन ॲम्प्लिफायर लावून क्वालिटी वाढत नाही: तो दोन्ही मोठे करतो आणि वर स्वतःची थोडी खरखर घालतो. खूप लांब केबलवर, रिसीव्हरला सिग्नल खरोखर अपुरा पडत असेल तिथेच त्याचा उपयोग. छोट्या केबलवर तो ट्यूनरला बुडवतो आणि असलेली क्वालिटीही घालवतो. क्वालिटी वाढवायची तर मोठी डिश, अचूक नेम आणि कमी खरखर असलेला एलएनबी, एवढेच मार्ग.

पाऊस केयू-बँडला सी-बँडपेक्षा बराच जास्त झोडपतो. ढग सिग्नल शोषतो आणि स्वतःचा गोंगाटही देतो, त्यामुळे स्ट्रेंग्थ फारशी हलत नाही आणि चित्र मात्र जातं. कोरड्या दिवशी जेमतेम लॉक होणारा ट्रान्सपॉन्डर पावसात टिकणार नाही, हे धरूनच डिशचा आकार ठरवा.

सी-बँडवाल्यांना आता आणखी एक दुखणं आहे. ३.३ ते ३.८ गिगाहर्ट्झच्या आसपास चालणारे ५जी मनोरे जवळ असले की स्ट्रेंग्थ कमाल आणि क्वालिटी शून्य, तीही सगळ्या ट्रान्सपॉन्डरांवर एकदम. इथे एलएनबीच गुदमरलेला असतो, म्हणून केबलवर फिल्टर लावून काही होत नाही. ३.७ ते ४.२ गिगाहर्ट्झ सोडणारा फिल्टर फीडहॉर्न (एलएनबीच्या तोंडाशी लहरी गोळा करणारं नळकांडं) आणि एलएनबी यांच्या मध्येच बसवावा लागतो, किंवा तो आतच असलेला एलएनबी घ्यावा लागतो.

आणि क्वालिटी भरपूर असूनही एखाद्या चॅनेलवर पडदा काळाच, तर तो चॅनेल बहुधा सांकेतिक, म्हणजे कुलूपबंद आहे. क्वालिटी ट्रान्सपॉन्डरची असते, कुलूप चॅनेलला असतं. त्याच ट्रान्सपॉन्डरवरचा एखादा मोकळा चॅनेल लावून बघा. तो चालत असेल तर डिशला हात लावायची गरज नाही.