काळवंडलेल्या फिल्मची साक्ष

७ जुलै १९६२. अमेरिकेतल्या नेवाडाच्या वाळवंटात, जमिनीपासून जेमतेम तीन फुटांवर टांगलेलं एक अण्वस्त्र फोडण्यात आलं. त्याची शक्ती २२ टन टीएनटी या स्फोटकाइतकी होती. हिरोशिमावरचा बॉम्ब सुमारे १५ हजार टनांचा होता. त्यापुढे हा अगदीच लहान. नावही तसंच, ‘लिटल फेलर-२’. दहा दिवसांनी त्याच जातीचं अस्त्र सैनिकांनी ‘डेव्ही क्रॉकेट’ तोफेतून डागलं. अमेरिकेचे तेव्हाचे ॲटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी ते पाहायला हजर होते.

अशा चाचण्यांत स्फोटातून निघणारे गॅमा किरण, म्हणजे शरीरातून आरपार जाणारे अदृश्य घातक किरण, बारकाईने मोजले जायचे. इतक्या छोट्या स्फोटाचे किरण मोजायला एवढा खटाटोप कशाला, असं वाटेल. खरं तर लहान स्फोटातच त्यांचं मोजमाप जास्त महत्त्वाचं ठरतं. बॉम्बची शक्ती हजारपट कमी केली, की हवेच्या धक्क्याचा घातक पल्ला दहापट कमी होतो. उष्णतेचा पल्ला त्याहूनही जास्त आक्रसतो. गॅमा किरणांचा मात्र तितका आक्रसत नाही. हवा हे किरण टप्प्याटप्प्याने गिळत जाते, आणि दर काहीशे मीटरला त्यांचा मोठा वाटा नाहीसा होतो. त्यामुळे सुरुवातीलाच किरण हजारपट कमी निघाले, तरी घातक पल्ल्यातून असे मोजकेच टप्पे वजा होतात. म्हणून मोठ्या बॉम्बमध्ये माणूस भाजून किंवा ढिगाऱ्याखाली आधी मरतो, तर अगदी लहान अण्वस्त्रात अंगावर ओरखडाही न उठलेला माणूस किरणांनी मरू शकतो. मला यातली ही गोष्ट सर्वांत भयंकर वाटते.

स्फोटानंतरच्या पहिल्या मिनिटात जे गॅमा किरण पोहोचतात त्यांना ‘प्रारंभिक’ म्हणतात. एकच मिनिट का, तर तेवढ्यात तप्त ढग इतका वर जातो की त्यातले किरण जमिनीवर फारसे पोहोचत नाहीत. हे किरण एकाच जागेहून येत नाहीत. काही किरण अणुगर्भ फुटताक्षणीच निघतात. त्या वेळी बाहेर पडलेले न्यूट्रॉन कण हवेतल्या नायट्रोजनमध्ये शोषले गेले, की तिथून आणखी निघतात आणि ते फार भेदक असतात. उरलेले किरण ढगातले फुटलेल्या अणुगर्भांचे तुकडे सोडत राहतात.

हे सगळं टिपायला मुख्यतः एक साधी वस्तू वापरली जायची: फोटोची फिल्म. प्रकाश शिरणार नाही अशा पाकिटात फिल्मचे तुकडे ठेवायचे आणि स्फोटापासून वेगवेगळ्या अंतरांवर खांबांना अडकवायचे. पाकिटात एकच फिल्म ठेवून भागत नाही. जवळच्या खांबावर संवेदनशील फिल्म ठार काळी पडते, लांबच्या खांबावर मंद फिल्म कोरीच राहते. म्हणून कमीअधिक संवेदनशीलतेच्या फिल्म एकत्र ठेवतात. दुसरी अडचण अशी, की फिल्ममधलं चांदीचं संयुग कमी ऊर्जेच्या किरणांना अवाजवी जास्त दाद देतं. ती खोट काढायला फिल्मभोवती कथील आणि शिशाचे पातळ पत्रे असतात.

मग फिल्म डेव्हलप करून तिचा काळेपणा मोजायचा. काळेपणा १ म्हणजे दहावा हिस्सा प्रकाश आरपार जातो, २ म्हणजे शंभरावा. त्याच बॅचच्या फिल्मला कोबाल्ट-६० या किरणोत्सारी पदार्थाच्या किरणांची माहीत असलेली मात्रा देऊन ती त्याच रसायनात धुतलेली असते. तिच्याशी ताडून आकडा काढायचा. यात घाई आणि उशीर दोन्ही नडतात. फिल्म उशिरा उचलली तर जमिनीवर पडलेली किरणोत्सारी धूळ तिला आणखी काळं करते. लवकर उचलायला जावं तर माणसांनाच ती मात्रा मिळते.

आकडे हाती आले की त्यांचा आलेख काढायचा. दिव्याच्या उजेडासारखे गॅमा किरणही पसरत पसरत अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात विरळ होतात. म्हणून प्रत्येक मात्रेला अंतराच्या वर्गाने गुणलं, की पसरण्याचा परिणाम निघून जातो आणि हवेने किती गिळलं तेवढंच उरतं. त्याचा लॉगरिदम (दर दहापटीला एकाने वाढणारा आकडा) अंतरासमोर मांडला की ठिपके जवळपास एका सरळ रेषेत येतात आणि रेषेच्या उतारावरून हवेची शोषणशक्ती कळते. मोठ्या स्फोटात ही रेषा बिघडते, कारण धक्क्याची लाट मधली हवाच ढकलून विरळ करते आणि मागाहून येणाऱ्या किरणांना वाट मोकळी मिळते. लहान स्फोटात हा गोंधळ फारच थोडा असतो. नेवाडाचं वाळवंट समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच आहे, तिथली हवा विरळ; ती दुरुस्तीही करावी लागते.

खांबांवरच्या फिल्मची एवढी काळजी घेतली गेली, पण चाचण्यांना हजर असलेल्या प्रत्येक सैनिकाच्या छातीवर फिल्म नव्हती. १९७८ पासून अमेरिकेने त्या सैनिकांच्या नोंदी पुन्हा तपासायला घेतल्या. ज्यांच्याकडे असा फिल्मचा बॅज नव्हता त्यांची मात्रा, ते कुठे उभे होते आणि किती वेळ होते यावरून कागदावर मांडावी लागली. त्यांच्यातल्या आजारी माणसाला आपल्या आयुष्याचा हिशोब असा अंदाजाने मिळावा, हे मनाला पटत नाही.

आपल्या इस्पितळांत एक्स-रे काढणाऱ्या तंत्रज्ञाच्या खिशावर आज फिल्मऐवजी टीएलडी नावाचा, किरणांची मात्रा मोजणारा बॅज असतो. त्यात कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या असतात. किरणांची ऊर्जा त्या आत साठवून ठेवतात, आणि प्रयोगशाळेत तापवल्या की तेवढ्याच प्रमाणात मंद उजळतात. विटा-कौलांमधल्या क्वार्ट्जच्या कणांतही हाच गुण आहे. हिरोशिमात कुणाच्याही छातीवर बॅज नव्हता. तिथली मात्रा दशकांनंतर मोजली गेली ती वाचलेल्या इमारतींच्या विटा आणि कौलं तापवून, त्यांतून निघालेला तो मंद उजेड मोजून.