वितरित यंत्र-अध्ययन, फिरत्या संवेदक यंत्रमानवांचे

फिरत्या यंत्रमानवांच्या चमूने तापमान, ओलावा किंवा पाण्याची क्षारता यांचे एकच प्रतिमान मिळून शिकण्याची पद्धत. यात सर्व नोंदी एका केंद्राकडे धाडत नाहीत. देवाणघेवाण शेजाऱ्याशेजाऱ्यांत होते. सोलापूर जिल्ह्यातील उजनीच्या फुगवट्यावर अशा यंत्रमानव-होड्या सोडल्याची कल्पना केल्यास गरज लगेच ध्यानात येते. माढ्याकडच्या होडीचा बिनतारी संदेश करमाळ्याकडच्या होडीला थेट मिळेलच असे नाही. तो मधल्या होडीमार्फतच न्यावा लागतो.

उगमाविषयी दोन मते संभवतात. एक भूसांख्यिकीकडे, म्हणजे जागेनुसार बदलणाऱ्या मोजमापांच्या संख्याशास्त्राकडे, बोट दाखवते : दक्षिण आफ्रिकेतील खाण अभियंते डॅनी क्रीग यांनी १९५१ मध्ये सोन्याच्या खाणींतील मोजक्या नमुन्यांवरून न मोजलेल्या भागाचा अंदाज बांधण्याची रीत मांडली; १९६० च्या आसपास जॉर्ज मातेराँ यांनी तिला गणिती बैठक दिली. दुसरे मत मॉरिस डिग्रूट यांचा मतैक्यावरील, म्हणजे देवाणघेवाणीतून सर्वांचे अंदाज एकावर येण्याविषयीचा, लेख (१९७४) आणि जॉन त्सित्सिक्लिस यांचा प्रबंध (१९८४) प्रमाण मानते. क्रीग यांच्या रीतीने काय शिकायचे ते कळते, मिळून कसे शिकायचे ते नाही; म्हणून ‘वितरित’ या अंगासाठी दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

मतैक्याची कृती सोपी, पण विलक्षण सुंदर आहे. एका ओळीतल्या तीन होड्यांनी २४, २६ व ३१ अंश सेल्सिअस मोजले. प्रत्येकीने शेजारणीशी असलेल्या फरकाचा एक-तृतीयांश आपल्या आकड्यात मिळवला, की पहिल्याच फेरीत २४.६७, २७ व २९.३३ होतात. बेरीज ८१ च राहते आणि फेऱ्यांगणिक तिन्ही आकडे २७ कडे सरकतात. टोकाच्या दोघी एकमेकींशी कधीच बोललेल्या नसतात.

संपूर्ण क्षेत्राचे प्रतिमान बहुधा गाउसीय प्रक्रियेने करतात; ही सांख्यिकी रीत न मोजलेल्या ठिकाणचा अंदाज आणि त्याची अनिश्चितता दोन्ही देते. नेहमीच्या रीतीत नोंदी दुप्पट झाल्या की गणनश्रम सुमारे आठपट होतात, त्यामुळे नोंदी चमूत वाटून घेणे भागच पडते. मात्र प्रत्येकीचे संभाव्यतेच्या रूपातले अंदाज नुसते गुणून एकत्र केले, तर प्रत्येकीने धरलेले तेच पूर्वानुमान (नोंदींआधीचा अंदाज) पुनःपुन्हा मोजले जाते आणि जिथे एकही होडी गेली नाही तिथेही खात्री फुगते. फोल्कर ट्रेस्प यांच्या २००० मधील समिती-पद्धतीत हे जादा पूर्वानुमान भागून काढतात. तीच नोंद दोन वाटांनी फिरून आल्यास होणारी दुहेरी मोजणी हा निराळा दोष. त्यावर ज्यूलियर व उलमन यांनी १९९७ मध्ये सुचवलेला सहप्रचरण-छेद, म्हणजे दोन अंदाजांतला परस्परसंबंध ठाऊक नसतानाही ते जोडण्याची रीत, वापरतात. त्यात खात्री मुद्दाम कमी धरली जाते.

पुढचे मोजमाप कुठे घ्यायचे हे अनिश्चिततेवरून ठरवता येते : जिथे ती सर्वाधिक, तिकडे सर्वांत जवळची होडी वळते.