विंडोज बदलण्याआधी परवाना काढून वाचा: उपकरण उत्पादकांसाठी

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून ईसीजी, पेशंट मॉनिटर, अ‍ॅनालायझर बनवणाऱ्या लहान उत्पादकांचा एकच प्रश्न असतो. यंत्र तेच, उपयोग तोच, मग सॉफ्टवेअर विंडोज ११ वर नेलं तर परवाना देणाऱ्या कार्यालयाला कळवायचं कशाला? कळवावं लागतं. १ एप्रिल २०२० पासून सॉफ्टवेअरसुद्धा वैद्यकीय उपकरणाच्या व्याख्येत आहे, आणि मंजूर उपकरणातला बदल ‘वैद्यकीय उपकरणे नियम, २०१७’ च्या सहाव्या अनुसूचीत तपासावा लागतो.

पात्रता साधी आहे: चालू उत्पादन परवाना हवा. उपकरणांचे जोखमीनुसार ए (सर्वांत कमी) ते डी (सर्वांत जास्त) असे वर्ग असतात. क्लास ए-बी साठी परवाना एमडी-५ या नमुन्यातला, आणि अर्ज राज्याकडे, म्हणजे महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाकडे. क्लास सी-डी साठी एमडी-९, आणि अर्ज दिल्लीच्या सीडीएससीओकडे, म्हणजे केंद्राच्या औषध नियंत्रण संस्थेकडे. इथेच पहिली ठेच लागते. आयईसी ६२३०४ या वैद्यकीय सॉफ्टवेअरच्या आंतरराष्ट्रीय मानकामध्येही सॉफ्टवेअरचे ए, बी, सी असे सुरक्षा वर्ग आहेत, पण त्यांचा परवान्याच्या वर्गाशी संबंध नाही. टेस्ट रिपोर्टवरचा ‘सी’ पाहून अर्ज थेट दिल्लीला पाठवणारे मी पाहिले आहेत. वर्ग परवान्यावरचाच धरा.

आता खरा प्रश्न: बदल मोठा की किरकोळ? गुणवत्ता, कामगिरी, वापराचा हेतू किंवा स्थिरता यांवर परिणाम करणारा डिझाइनमधला बदल मोठा. परिणाम न करणारा किरकोळ. ‘परिणाम नाही’ हे लेटरहेडवर लिहून चालत नाही, चाचणीने दाखवावं लागतं. शिवाय लेबल विसरू नका. अक्षरांचा आकार, रंग, मांडणी सोडून लेबलमधला बदल मोठ्या बदलांत येतो. ‘विंडोज १० आवश्यक’ असं लेबलवर छापलं असेल तर किरकोळ म्हणून सुटका नाही.

मुदतीचा घोळ तर दर महिन्याला दिसतो. किरकोळ बदल झाल्या तारखेपासून ३० दिवसांत कळवायचा असतो. मोठ्या बदलाला आधी मंजुरी लागते. तो ३० दिवसांचा नियम मोठ्या बदलाला लावून आधी माल विकला, मग पत्र दिलं, तर तो परवान्याच्या अटींचा भंग ठरतो. कृपा करून ही चूक करू नका. नंतर सावरणं फार अवघड जातं.

कागदांत परवान्याची प्रत, बदलाची नोंद आणि आयएसओ १४९७१ (वैद्यकीय उपकरणांच्या जोखीम व्यवस्थापनाचं मानक) प्रमाणे सुधारलेली जोखीम फाइल बहुतेकांकडे असते. नसते ती ‘सूप’ (SOUP) यादी, म्हणजे तुम्ही स्वतः न लिहिलेल्या, बाहेरून घेतलेल्या सॉफ्टवेअरची यादी. ऑपरेटिंग सिस्टीम त्यातच येते. नेमकी आवृत्ती, बिल्ड क्रमांक आणि तिच्या ज्ञात दोषांचा तुमच्या उपकरणावर काय परिणाम होतो, हे त्यात लागतं. सॉफ्टवेअर लिहिणारा मुलगा नोकरी सोडून गेला की ही यादी कोणालाच सापडत नाही, म्हणून ती आजच बनवायला घ्या.

चाचणी ऑफिसच्या लॅपटॉपवर नको, विकायच्या यंत्रावर करा. यूएसबी ड्रायव्हर, अलार्म वाजायला लागणारा वेळ, स्क्रीन आपोआप झोपणं, अपडेटनंतर यंत्र मध्येच रीस्टार्ट होणं: कार्यालयाने काहीही विचारलं नाही तरी हे तपासलंच पाहिजे, कारण त्या मॉनिटरला माणूस जोडलेला असतो.

आणि एक: रुग्णालयाच्या संगणक विभागाने तुमच्या यंत्रावर परस्पर विंडोज बदलू नये, हे पुस्तिकेत स्पष्ट छापा. तपासलेली आवृत्ती तुम्ही मंजूर करून घेतलेली असते, त्यांनी टाकलेली नव्हे.