किवी : नर व मादी वेलींतील भेद

किवी ही मूळची चीनमधली वेल. तिची नर व मादी फुले वेगवेगळ्या वेलींवर येतात आणि फळ फक्त मादी वेलीला धरते. कर्टोली लावणाऱ्या कोकणातल्या शेतकऱ्याला हे नवे नाही. किवीचे फूल मात्र चकवते, कारण दोन्ही वेलींची फुले वरवर पाहता द्विलिंगी, म्हणजे नर व मादी दोन्ही भाग असलेलीच वाटतात.

मादी फुलाच्या मधोमध तीस-चाळीस पांढऱ्या कुक्षिवृंतांचा (टोकाशी पराग झेलणाऱ्या बारीक दांड्यांचा) चक्रासारखा पसरलेला झुबका असतो आणि त्याखाली लवदार, फुगीर अंडाशय. भोवती पुंकेसरही भरपूर असतात, परागकोश फुटून भुकटी पडते. पण ते परागकण आतून पोकळ असतात, रुजत नाहीत. नर फुलात उलट स्थिती : परागकण सकस, पण अंडाशय इवलासा, बीजांडांविना, आणि कुक्षिवृंत खुरटलेले.

या भेदाचे मूळ नर वेलीतल्या वाय गुणसूत्रावर आहे. तिथले ‘शाय गर्ल’ हे जनुक स्त्रीकेसराची, म्हणजे फुलातल्या मादी भागाची वाढ रोखते, तर ‘फ्रेंडली बॉय’ परागकणांना पोसणारा थर नीट काम करील असे पाहते. या दोघांची ओळख २०१८ व २०१९ मधल्या संशोधनातून पटली.

मग मादी फूल निकामी पराग बनवण्यात शक्ती का घालवते? किवीच्या फुलात मध नसतो. मधमाशी येते ती परागासाठीच. तो नसता तर ती मादी फुलाकडे फिरकलीच नसती.

फळांचा भार नसल्याने नर वेल जोमाने फोफावते, म्हणून तिची छाटणी बहर संपताच करतात. मादीची मुख्य छाटणी हिवाळ्यात, पानगळीनंतर. बागेत साधारण आठ माद्यांमागे एक नर ठेवतात. दोघांचा बहर एकाच वेळी यायला हवा : ‘हेवर्ड’ ही मादी जात उशिरा फुलते, म्हणून तिच्या जोडीला ‘तोमुरी’सारखा उशिरा फुलणारा नर लावतात. यात चूक झाली की ती फळात दिसते. भरदार फळात हजारावर बिया असतात. ते आडवे कापले की पांढऱ्या गाभ्याभोवती काळ्या बियांचे सलग कडे दिसते. परागीभवन अपुरे राहिले की बिया कमी धरतात, फळ लहान किंवा वाकडे राहते.

बियांपासून वाढवलेल्या रोपाचे लिंग फुलोऱ्यापूर्वी नुसत्या नजरेने ओळखता येत नाही आणि फुलोरा यायला काही वर्षे लागतात. त्यामुळे लागवडीसाठी कलमेच वापरतात. पैदासकार मात्र कोवळ्या पानाची डीएनए चाचणी करून रोपांची निवड करतात.